वेळ साधणारं इंजिन

(सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ चालते, त्यांचं आयुष्य कार्यशाळेत मुलांना शिकवण्यात गेलं. यंत्र चालवता आलं एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. ते असं का चालतं हे विद्यार्थ्याला आपल्या तोंडाने सांगता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून आज मी असा विषय घेतला आहे, ज्यात ‘का’ हाच खरा गाभा आहे. मोटारीच्या माहितीपत्रकात ‘व्हीव्हीटी’ अशी तीन अक्षरं असतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ही वेळ इंजिन चालू असतानाच बदलण्याची सोय, असा त्यांचा अर्थ. ही सोय लागली कशाला, ती चालते कशी आणि तिचं सोलापूरशी नातं काय, हे आज मांडायचं आहे.

नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. ज्या काळात इथे सायकलचे भागही बाहेरून येत, त्या काळात मोटार इथेच बनवायची हा ध्यास सोलापूरच्या माणसाने घेतला होता. पुढे १९९२ मध्ये यतीन शहा यांनी इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू केली. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आणि पुढे चिंचोळीला तिचं काम वाढलं. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती सुझुकी अशा कंपन्यांना इथून कॅमशाफ्ट जाऊ लागले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. चादरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून इंजिनाची वेळ ठरवणारा दांडा जगभर जातो, हे आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं.

पण सोलापूरला कॅम काही १९९२ मध्ये पहिल्यांदा भेटला नाही. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी इथली कापडगिरणी १८७७ सालची. तेव्हापासून या गावाचा कॅमशी रोजचा संबंध आहे. साधा यंत्रमाग डोळ्यांपुढे आणा. त्याला दोन मुख्य शाफ्ट असतात. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात आडवा धागा नेणारा धोटा एकदा पलीकडे जातो. खालचा शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्याच्यावर टॅपेट, म्हणजे कॅम, बसवलेले असतात. ते चौकटी वर-खाली करतात, ताण्याचे धागे उघडतात आणि त्या उघडलेल्या वाटेने धोटा जातो. चौकट जरा उशिरा उचलली गेली तर धोटा धाग्यांत अडकतो आणि क्षणात ताणा तुटतो. मागांची जुळणी करणारा तो जॉबर, आणि त्याची सगळी हुशारी ही वेळ जुळवण्यात असायची.

आता मोटारीचं इंजिन पाहा. क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. मागातलं दोनास एक हेच प्रमाण इथेही आहे. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि एक्झॉस्ट अशा चार स्ट्रोकना क्रँकचे दोन वळसे लागतात, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह त्या दोन वळशांत एकदाच उघडायचा असतो. कॅमचा उंचवटा आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, उंचवटा सरकला की स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर बसवते. ज्याला टॅपेटचा माग कळला, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पुस्तकात चित्र सोपं असतं. पिस्टन खाली निघाला की हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह उघडतो, तळाला पोचला की मिटतो. प्रत्यक्षात तसं केलं तर इंजिन दमायला लागतं, कारण हवेला वजन आहे. एकदा वेगाने आत धावू लागलेली हवा पिस्टन थांबला म्हणून लगेच थांबत नाही. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी थोडा वेळ ती आत येतच राहते. म्हणून इनलेट तळाच्या बिंदूनंतर चाळीस-पन्नास अंशांनी मिटवतात, म्हणजे ही फुकटची हवा पदरात पडते. वरच्या टोकालाही असंच आहे. जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आधीच इनलेट उघडायला लागतो. काही अंश दोन्ही उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. बाहेर धावणारा जळका वायू आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो.

हे सगळं वेगावर अवलंबून आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. समजा इनलेट २४० अंश उघडा राहतो. इंजिन ६००० आरपीएमला असेल तर या २४० अंशांना जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेच इंजिन ८०० आरपीएमला मंद चालत असेल तर तेवढ्याच अंशांना ५० मिलिसेकंद मिळतात. कोन तोच, वेळ मात्र सातपटीहून जास्त. जोरात पळणाऱ्या इंजिनात उशिरा मिटलेला व्हॉल्व्ह हवा आत घेतो. मंद चालणाऱ्या इंजिनात हवेला तेवढा जोर नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा त्याच दारातून मागे ढकलतो. ओव्हरलॅपचंही तसंच. वरच्या वेगाला तो वरदान ठरतो, पण मंद चालीत जळका वायू इनलेटच्या बाजूला शिरतो, मिश्रण बिघडतं, इंजिन थरथरतं, मिसिंग होतं.

म्हणजे एका कॅमला सगळे वेग सांभाळता येत नाहीत. जुन्या गाड्यांत तरीही एकच कॅम असायचा. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ज्यांनी उघडलं असेल त्यांना आठवेल, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात आणि तिथून पुशरॉडने वर हेडपर्यंत हालचाल. फीलर गेज घालून टॅपेट सेट करायचे, टायमिंगच्या खुणा जुळवायच्या, की काम झालं. कारखान्यात घासून दिलेला आकार गाडीच्या अखेरपर्यंत तोच. अभियंत्याने मधला एखादा वेग धरायचा आणि बाकीच्या सगळ्या वेगांना थोडं थोडं उणं ठेवायचं. सिटीत पिकअप हवा असेल तर हायवेवरचा जोर सोडायचा, शर्यतीची गाडी करायची तर चौकातलं थरथरणं सोसायचं. शंभर वर्षांच्या जवळपास जगातली बहुतेक इंजिनं अशी तडजोडीवर चालली.

तडजोड कुठे आहे हे नेमकं कळलं, तेव्हाच ती मोडायची वाट सापडली. कॅमशाफ्ट टायमिंग चेनने क्रँकला बांधलेला असतो. चेन आणि कॅमशाफ्ट यांच्यामधल्या सांध्याला थोडी फिरायची मुभा दिली तर? कॅमचा आकार तोच राहील, पण त्याचं काम काही अंश आधी किंवा उशिरा सुरू करता येईल. उत्पादनातल्या मोटारीत हे पहिल्यांदा आलं १९८० मध्ये, अल्फा रोमिओच्या स्पायडर गाडीत. अमेरिकेतले प्रदूषणाचे नियम कडक झाले होते आणि ते पाळूनही जोर टिकवायचा होता. तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या तिरप्या दात्यांचा तो सांधा होता. १९८७ मध्ये निस्सानने ही कल्पना इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला जोडली. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने व्हॅनोस आणलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर टोयोटाच्या व्हीव्हीटी-आयमध्ये वेळ दोनच टप्प्यांत न बदलता अखंड, हवी तेवढी बदलू लागली.

आज जो सांधा सर्रास वापरतात तो गॅरेजच्या टेबलावर उघडून पाहण्यासारखा आहे. त्याला कॅम फेजर म्हणतात. बाहेरून तो कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला जाड दातेरी चक्का दिसतो. झाकण काढलं की आत दोन भाग दिसतात. बाहेरचं कवच चेनबरोबर फिरतं. आतला रोटर बोल्टने कॅमशाफ्टला आवळलेला असतो आणि त्याला बाहेर आलेली तीन-चार पाती असतात. प्रत्येक पात्याच्या दोन्ही बाजूंना छोटा कप्पा असतो. एका बाजूच्या कप्प्यांत इंजिनाचं तेल दाबाने सोडलं आणि दुसऱ्या बाजूचं बाहेर जाऊ दिलं, की पाती सरकतात, रोटर कवचाच्या पुढे जातो आणि त्याच्याबरोबर कॅमशाफ्टही. उलट बाजूने तेल सोडलं की तो मागे येतो. दोन्हीकडचं तेल अडवून धरलं की आहे तिथे थांबतो. एवढीशी हालचाल, पण ती क्रँकच्या ४० ते ६० अंशांपर्यंत वेळ हलवू शकते. इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो. तेव्हा रोटर सैल खडखडू नये म्हणून एक छोटी पिन त्याला एका जागी अडकवून ठेवते.

तेल कुठे सोडायचं हे ठरवतो ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याच्या आत एक बारीक दट्ट्या सोलेनॉइडने मागेपुढे होतो. त्याला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. क्रँक कुठे आहे हे एक सेन्सर सांगतो, कॅम कुठे आहे हे दुसरा. दोघांतलं अंतर मोजून, ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि आरपीएम किती आहे हे पाहून ईसीयू दर सेकंदाला कित्येकदा ही वेळ दुरुस्त करत राहतो. मागावर जॉबर पाना घेऊन बसायचा. इथे जॉबर इंजिनातच मुक्कामाला आहे आणि माग चालू असतानाच टॅपेट हलवतो.

याचा अनुभव घ्यायला लांब जायला नको. तुळजापूरला जाताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असते. ओव्हरलॅप कमीत कमी ठेवलेला असतो, म्हणून इंजिन शांत चालतं. पुढे मोकळा रस्ता लागतो. ॲक्सिलरेटर हलका, वेग सारखा. आता ईसीयू ओव्हरलॅप वाढवतो. थोडा जळका वायू सिलिंडरमध्येच राहतो, ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी बनतात. शिवाय हवेची वाट कमी-जास्त करणारा थ्रॉटल थोडा जास्त उघडता येतो, त्यामुळे हवा ओढताना पिस्टनची जी दमछाक होते ती घटते आणि ॲव्हरेज वाढतं. मग घाट लागतो. गाडीत माणसं भरलेली, वेग कमी, जोर जास्त हवा. इनलेट लवकर मिटवला जातो, आत आलेली हवा मागे ढकलली जात नाही आणि खालच्या आरपीएमलाच इंजिन ओढू लागतं. आणि ओव्हरटेक करताना आरपीएम वर गेला, की मिटण्याची वेळ पुन्हा मागे सरकते आणि धावत्या हवेचा फायदा घेतला जातो. चार प्रसंगांना चार वेगळे कॅम लागले असते, ते काम एका कॅमने केलं.

२०११ च्या नव्या स्विफ्टच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात मारुतीने ही सोय इनलेट कॅमला दिली, तेव्हा ती आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरापर्यंत पोचली. पुढे इनलेट आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही कॅमना फेजर देणारी इंजिनंही सामान्य किमतीच्या गाड्यांत आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, आणि पेट्रोल इंजिनाला ते पाळायला वेळेवरचा हा ताबा फार उपयोगी पडतो.

फेजरने वेळ सरकते, पण व्हॉल्व्ह किती उघडतो आणि एकूण किती अंश उघडा राहतो हे बदलत नाही. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणलं ते या मर्यादेवर उपाय म्हणून. एकाच शाफ्टवर शेजारी शेजारी दोन जातींचे कॅम, मंद चालीसाठी बसके आणि वेगासाठी उंच. ठरावीक वेगानंतर तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे रॉकर एकमेकांत अडकतात आणि सूत्रं उंच कॅमकडे जातात. १६०० सीसीच्या त्या इंजिनाने टर्बोशिवाय लिटरमागे शंभर अश्वशक्ती दिली. इथे बसलेल्या तरुणांपैकी ज्यांच्याकडे यामाहाची आर१५ आहे, त्यांना हे रोज जाणवत असेल. २०१८ च्या मॉडेलपासून तिच्यात ७४०० आरपीएमला कॅम बदलतो. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॉल्व्हची उचल अखंड कमी-जास्त करून थ्रॉटलचं रोजचं कामच काढून घेतलं. फियाटने २००९ मध्ये कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये तेलाचा स्तंभ ठेवला. ते तेल हवं तेव्हा सोडून दिलं की कॅम दाबत राहतो पण व्हॉल्व्ह हलत नाही.

आणि स्वीडनच्या कोनिगसेगशी जोडलेल्या फ्रीव्हॉल्व्ह तंत्रात तर कॅमशाफ्टच नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने स्वतंत्र उघडतो. टॅपेटच्या मागावरून जेकार्डवर जाण्यासारखाच हा पल्ला आहे. टॅपेटला दोन-चार ठरलेल्या उचली जमतात. जेकार्ड प्रत्येक धागा वेगळा उचलू शकतो, म्हणून तर सोलापुरी चादरीवर मोर उमटतो. तरीही हे तंत्र अजून सर्वसामान्य गाडीपर्यंत पोचलेलं नाही, त्याला कारण आहे. मिनिटाला हजारो वेळा व्हॉल्व्ह नुसता मिटवायचा नसतो, तो अलगद बसवायचा असतो, नाहीतर सीट फुटते. कॅमचा उतार हे काम वीज न मागता, हिशेब न मांडता करतो. लोखंडात घासलेला तो उतार म्हणजेच मुरलेलं गणित आहे.

ते लोखंड कसं तयार होतं हे सांगितल्याशिवाय सोलापुरातलं हे व्याख्यान पुरं होणार नाही. कॅमशाफ्टकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. उंचवटा इतका कठीण हवा की कोट्यवधी वेळा घासला तरी झिजू नये. बाकीचा दांडा मात्र यंत्रावर कापता येईल आणि धक्का सोसेल एवढा नरम हवा. चिल्ड कास्ट आयर्नमध्ये हे एकाच ओतकामात साधतं. साच्यात जिथे उंचवटा येणार तिथे धातूचे तुकडे बसवतात. त्यांना चिल म्हणतात. वितळलेला रस त्यांना भिडला की तिथली उष्णता झपाट्याने शोषली जाते. कार्बनला ग्राफाइट होऊन वेगळं व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडातच अडकून सिमेंटाइट होतो आणि तिथे पांढरं, अतिशय कठीण बीड तयार होतं. वाळूला लागलेला भाग सावकाश निवतो, तिथे ग्राफाइट सुटतं आणि साधं करडं बीड राहतं. एकाच रसातून, एकाच दांड्यात, थंड होण्याच्या वेळेतल्या फरकाने दोन जातींचं लोखंड मिळतं. पुढे ग्राइंडिंगला मायक्रॉनचा हिशेब सुरू होतो. फेजर आल्यापासून कॅमशाफ्टचं काम आणखी काटेकोर झालं आहे. फेजरला जाणारं तेल कॅमशाफ्टच्या टोकाशी पाडलेल्या बारीक छिद्रांतून जातं. तिथे एखादा बुरा राहिला किंवा जर्नलची फट वाढली, तर तेलाचा दाब पडतो आणि सगळ्या इलेक्ट्रॉनिक हुशारीवर पाणी पडतं.

इथे गाडी वापरणाऱ्यांशीही दोन शब्द बोलायला हवेत. जुन्या इंजिनात तेल हे वंगण होतं. व्हीव्हीटीच्या इंजिनात ते वंगण तर आहेच, शिवाय फेजर हलवणारं बळही आहे. सोलापूरचा उन्हाळा कडक, म्हणून जाड तेल घाला, असा सल्ला आपल्याकडे सहज दिला जातो. पद्मिनीला तो चालला असेल. फेजरच्या कप्प्यांत जाड तेल वेळेवर पोचत नाही, आणि वेळेवर पोचणं हेच तर त्याचं काम. तेल बदलायला उशीर झाला की गाळ साचतो, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी तुंबते, दट्ट्या अडकतो. मग सकाळी गाडी सुरू करताना पुढून खडखड येते, आयडलिंग बिघडतं, ॲव्हरेज पडतं, डॅशबोर्डवर चेकलाइट लागते आणि स्कॅनरवर पी००११ सारखा कोड दिसतो. कारण न कळलेला मेकॅनिक सेन्सर बदलतो, मग चेन बदलतो, आणि ग्राहकाचे हजारो रुपये जातात. कारण कळलेला मेकॅनिक आधी डिपस्टिक काढून तेल बोटावर घेतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल वेळेवर बदललं तर यातला बराचसा त्रास उद्भवतच नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यांच्या मनातला प्रश्न. इलेक्ट्रिक गाडीला व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही. मग या विद्येचं काय होणार? काही काळ तरी तिची गरज वाढेल. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्तीत ॲटकिन्सन पद्धतीचं इंजिन आहे. त्यात इनलेट मुद्दाम फार उशिरा मिटवतात. थोडी हवा परत जाऊ देतात, दाबायची मेहनत कमी करतात आणि जळलेल्या वायूला पसरायला मात्र पूर्ण वाट देतात. मंद चालीतला जो दोष मघाशी सांगितला, त्यालाच इथे इंधन वाचवण्याच्या कामाला लावलं आहे. खालचा जोर घटतो, तो विजेची मोटर भरून काढते. जेम्स ॲटकिन्सनची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. वेळेवर ताबा आला तेव्हा ती खऱ्या अर्थाने घरोघर पोचली.

पण कायमचा भरवसा कशाचाच नाही, हे गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिलेल्या गावाला कुणी सांगायला नको. गिरण्या बंद झाल्या तेव्हा हजारो कसबी हात रिकामे झाले. त्या हातांना टॅपेटची वेळ कळत होती, दोनास एकचं प्रमाण कळत होतं. तेच ज्ञान इंजिनाला लागू पडतं, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, त्यांच्या मुलांनाही नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येतं. यंत्र बदलतं तेव्हा सवय निकामी होते, समज निकामी होत नाही. ज्याला फक्त खुणा जुळवायला शिकवलं, तो नव्या यंत्रापुढे अडाणी ठरतो. ज्याला हवेचं वजन, तेलाचा दाब, धातूचं थंड होणं समजलं, तो उद्या मोटर कंट्रोलरपुढेही उभा राहू शकेल. तिथेही फिरणाऱ्या रोटरची जागा सेन्सरने ओळखून नेमक्या क्षणी प्रवाह द्यायचा असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या शहरात कारखाने आहेत, आयटीआय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, अनेक शाळा आहेत. कापून आतून दाखवता येईल असं एक इंजिन, एक उघडा फेजर, एक चिल्ड कॅमशाफ्टचा छेद आणि त्याच्या शेजारी टॅपेटचा एक जुना माग, एवढ्या चार वस्तू एका दालनात मांडा. त्यांच्याजवळ मराठीत नीट लिहिलेली माहिती लावा. आठवीच्या मुलांना तिथे न्या, आणि हाताने फिरवून पाहू द्या. कारखान्यांनी नाकारलेले नमुने द्यावेत, महाविद्यालयांनी जागा द्यावी, निवृत्त जॉबर आणि मेकॅनिक यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. याला फार पैसा लागत नाही. गुरुजींच्या नावाने भाषणं होत राहतीलच, पण असं दालन उभं राहिलं तर त्यांचा आग्रह पुढच्या पिढीच्या हाती पोचेल. ज्यांना या कामात हातभार लावायचा आहे, त्यांनी आज सभा संपल्यावर संयोजकांकडे नाव द्यावं. पहिलं नाव मी देतो.